लघवीचा नमुना ‘दिला नाही’ म्हणून शिक्षा: अमेरिकेच्या फेडरल तुरुंगातली प्रक्रिया, पायरीपायरीने

“पॉझिटिव्ह येण्यापेक्षा नमुनाच देऊ नकोस, म्हणजे पुरावाच राहणार नाही.” हा सल्ला बराकीत फुकट मिळतो आणि बहुतेक प्रकरणं त्यानेच बिघडतात. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंग खात्यात नमुना नाकारणं हा कोड ११०चा गुन्हा आहे आणि अमली पदार्थ घेणं हा कोड ११२चा. दोन्ही एकाच, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत येतात आणि शिक्षांची यादीही तीच आहे. फरक पडतो तो नाकारणाऱ्याच्या तोट्याचा. पॉझिटिव्ह निकालावर ‘तुरुंगाच्याच डॉक्टरने दिलेलं औषध चालू होतं’ असा खुलासा करता येतो आणि तो खुलासा तपासणं कर्मचाऱ्यांवर बंधनकारक असतं. नकार सिद्ध करायला प्रयोगशाळाही लागत नाही. अधिकाऱ्याने लिहिलेल्या चार ओळी पुरतात.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती नाकारायचं मनातही नसलेल्या माणसाकडून होते. ठरलेल्या वेळात लघवी झाली नाही, तरी नियम त्याला ‘तयार नव्हता’ असंच धरतो.

ज्यांचा माणूस आत आहे अशा घरच्यांसाठी आणि आतल्या माणसाला पत्रातून कळवता यावं म्हणून पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी एक खात्री: तुरुंग फेडरलच आहे ना?

कैद्याचा नंबर पाहा. पाच आकडे, आडवी रेघ, मग तीन आकडे असा असेल तर तो फेडरल रजिस्टर नंबर आहे. राज्यांच्या तुरुंगांचे नियम वेगळे असतात, काउंटी (जिल्ह्याच्या) जेलचे आणखी वेगळे. इमिग्रेशन खात्याची स्थानबद्धता तर शिक्षाच नव्हे, तिथे यातलं काही लागू करू नका. टेक्सासच्या राज्य तुरुंगातल्या माणसासाठी फेडरल फॉर्म शोधण्यात आठवडा घालवलात, तर तिथली मुदत तेवढ्यात निघून जाते.

## १. बोलावणं येण्याआधी: वैद्यकीय नोंद

चाचणी कोणाची होते? दर महिन्याला काही कैदी चिठ्ठी काढल्यासारखे, कोणत्याही कारणाविना निवडले जातात. शिवाय ज्यांच्यावर संशय आहे, ज्यांचा अमली पदार्थांचा पूर्वेतिहास आहे आणि जे तुरुंगाबाहेरच्या कामांना किंवा कार्यक्रमांना जातात, त्यांच्यावर जास्त लक्ष असतं. ‘मी कधी सुपारीही खाल्ली नाही’ म्हणून नाव येणार नाही, असं धरून चालू नका.

लघवी अडण्याची तक्रार असेल, तर ती चाचणीच्या दिवसाआधी तुरुंगाच्या आरोग्य विभागाच्या कागदावर असायला हवी. या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. पुढे सुनावणीत ‘मला त्रास आहे’ या वाक्याला वजन येतं ते आधीच्या तारखेच्या कागदाने. त्याच दिवशी सुचलेला त्रास कोणी फारसा मनावर घेत नाही.

कोणते त्रास सांगायला हवेत:

- वाढलेली प्रोस्टेट, मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया, पूर्वी कधी नळी घालावी लागली असेल तर तेही
- जुना मधुमेह, ज्यात मूत्राशयाच्या नसा मंदावतात
- डायलिसिस (यात काहींना लघवी जवळजवळ होतच नाही)
- अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्यावरची जुनी औषधं, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या
- कोणी बघत असताना लघवी न होणं. हा लाजाळूपणा नव्हे, वैद्यकीय नाव असलेला विकार आहे. पण तो मानसोपचार विभागाच्या नोंदीत हवा

इथे भारतातल्या घरच्यांचं काम सुरू होतं. आतल्या माणसाची घरातली वैद्यकीय फाइल काढा: सोनोग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या. ती जशीच्या तशी पाठवू नका. चिठ्ठीवरचं अक्षर इथल्या औषधवाल्यालाच काय ते लागतं, आणि ‘युरीमॅक्स’ म्हटलं तर तिकडच्या डॉक्टरला काही कळणार नाही. त्याला ‘टॅम्सुलोसिन’ कळतं. डॉक्टरांकडून लेटरहेडवर, इंग्रजीत, टाइप केलेलं एक पानी पत्र घ्या. त्यात आजाराचं नाव, केव्हापासून, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, तारीख. एक प्रत आतल्या माणसाला, एक त्याच्या वकिलाला. आतल्या माणसाने ते पत्र ‘सिक कॉल’ला (तुरुंगाच्या दवाखान्यात तपासून घेण्याच्या वेळी) नेऊन आपल्या नोंदीत लावून घ्यायचं.

तपासा: पत्र पोचलं एवढ्यावर थांबू नका. ‘आरोग्य विभागाच्या फाइलमध्ये लागलं का आणि कोणत्या तारखेला?’ हे विचारा. उशीखाली ठेवलेलं पत्र सुनावणीत फार थोडं कामाचं.

## २. दोन तास

नमुना मागितला त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. सुरुवातीलाच आठ औंस, म्हणजे सुमारे २४० मिलि पाणी देऊ करतात. त्या दोन तासांत माणूस सतत कर्मचाऱ्याच्या नजरेखाली राहतो, कारण नमुन्यात पाणी किंवा काही मिसळलं जाऊ नये. नमुना देताना समोर उभा राहणारा कर्मचारी त्याच लिंगाचा असावा लागतो.

‘देणार नाही’ असं स्पष्ट म्हटलं तर दोन तास थांबण्याचीही गरज नाही. लगेच अहवाल लिहिता येतो. रागाने उच्चारलेलं एक वाक्य आणि हाताशी असलेले दोन तास गेले. नंतर ‘तसं म्हणायचं नव्हतं’ हे पटवणं फार अवघड.

या दोन तासांत करायचं ते याच क्रमाने:

1. मागणी झाली ती वेळ विचारून घ्या, अधिकाऱ्यासमोर मोठ्याने म्हणा.
2. पाणी घ्या. ‘नको’ म्हटलं तर तेवढंच अहवालात येतं.
3. ‘मी द्यायला तयार आहे’ हे शब्द सुरुवातीलाच वापरा आणि पुन्हा पुन्हा वापरा.
4. निदान तीनदा प्रयत्न करा. शेवटच्या पाच मिनिटांवर सगळं सोडू नका.
5. तासाभरात झालं नाही, तर वैद्यकीय कारण तेव्हाच सांगा आणि आरोग्य विभागाला कळवायला सांगा. नळ नसलेल्या बंद खोलीत, झडती घेऊन, थेट नजरेविना नमुना घेण्याची विनंतीही करता येते. ती मानली जाईलच असं नाही, पण विनंती केल्याची नोंद तुमच्या बाजूची.
6. दोन तास उलटून गेल्यावर झाली, तरी नमुना देऊ करा. गुन्हा पुसला जात नाही. तयारी मात्र दिसते.

उपवासाचा प्रश्न हमखास येतो. निर्जळी एकादशी असो वा रोजा, उपवासासाठी घड्याळ थांबवण्याची तरतूद या नियमात नाही. पाणी घ्यायचं नसेल तर कारण तिथल्या तिथे सांगा आणि परिणाम माहीत असू द्या.

सावधान: ‘मी असल्या भानगडीत पडत नाही, चाचणी कशाला?’ हे आधी आणि ‘मला प्रोस्टेटचा त्रास आहे’ हे नंतर, असं झालं की दुसरं पहिल्याने खोडलं जातं. कारण एकच सांगा, खरं सांगा आणि पहिल्यापासून सांगा.

खोलीत परतल्याबरोबर वेळापत्रक लिहून काढा. उदाहरणार्थ: ९:१० मागणी, ९:१५ पाणी घेतलं, ९:४०, १०:२० आणि १०:५० प्रयत्न, १०:२५ ला आरोग्य विभागाला कळवा म्हणालो, ११:१० वेळ संपल्याचं सांगितलं, कोण अधिकारी, कोण बाजूला होतं. त्याच दिवशी सिक कॉलचा अर्जही टाका. त्रास खरा असेल तर माणूस डॉक्टरकडे जातोच; गेला नाही, तर सुनावणीत विचारणारच.

## ३. ‘शॉट’ हाती पडतो

इन्सिडेंट रिपोर्टला आतले लोक ‘शॉट’ म्हणतात. घटना कळल्यापासून साधारण २४ तासांत त्याची प्रत मिळते. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: २४ तास उलटले की प्रकरण रद्द. तसं नाही. नियमात ‘साधारणपणे’ हा शब्द आहे आणि त्या एका शब्दामुळे सव्विसाव्या तासाला दिलेला शॉटही टिकतो. उशीर जरूर नोंदवा, पण सगळा बचाव त्यावर उभा करू नका.

मग तपास अधिकारी येतो. गप्प राहण्याचा हक्क प्रत्येक टप्प्यावर आहे. मात्र गप्प राहण्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावता येतो. १९७६ च्या बॅक्स्टर विरुद्ध पाल्मिजियानो या निकालाने तसं मान्य केलं. केवळ मौनावर दोषी ठरवता येत नाही, इतकंच. ज्याच्याकडे वैद्यकीय कारण आहे त्याने इथे बोलावं, थोडं बोलावं आणि वेळापत्रकाला धरून बोलावं.

याच भेटीत साक्षीदारांची नावं द्या. त्या खोलीच्या किंवा व्हरांड्याच्या कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवा, अशी लेखी मागणी करा. शौचालयात कॅमेरा नसेल. पण पाणी घेताना, थांबताना, दोनतीनदा आत-बाहेर करताना तुम्ही बाहेरच्या चित्रणात दिसाल. चित्रण कायमचं ठेवत नाहीत, म्हणून ही मागणी पहिल्या दिवशीच करायची.

तडजोड करून प्रकरण तिथेच मिटवण्याची सोय या श्रेणीत नाही. ‘काउन्सेलरशी बोलून बघतो’ यात दिवस घालवू नका. सुनावणीपर्यंत माणसाला वेगळ्या कोठडीत, एसएचयूत, ठेवलं जाऊ शकतं. घरी फोन येणं थांबतं ते बहुधा इथेच. चार दिवस फोन नाही म्हणजे काही बरंवाईट झालं असं लगेच समजू नका.

घरच्यांसाठी: आतले फोन रेकॉर्ड होतात. ‘खरं सांग, घेतलं होतंस का?’ हा प्रश्न फोनवर विचारू नका.

## ४. यूडीसी: चटकन उरकणारा टप्पा

युनिटमधल्या कर्मचाऱ्यांची ही समिती साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत बसते. शॉट मिळाला तो दिवस, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मोजत नाहीत. कोड ११० असेल तर समितीला पर्याय नाही, प्रकरण डीएचओकडे म्हणजे शिस्तभंग सुनावणी अधिकाऱ्याकडे जातंच. म्हणून इथे वाद घालण्यात दम घालवू नका. लेखी निवेदन आणि वैद्यकीय कागद मात्र द्या, म्हणजे बचाव पहिल्यापासून तोच होता हे दिसतं.

## ५. डीएचओची सुनावणी

आरोपाची लेखी सूचना सुनावणीच्या किमान २४ तास आधी मिळायला हवी. हा हक्क, साक्षीदार बोलावण्याचा मर्यादित हक्क आणि निकालाची लेखी कारणं, हे तिन्ही १९७४ च्या वुल्फ विरुद्ध मॅकडोनेल या निकालातून आले आहेत. ‘लवकर उरकून टाकू’ म्हणून २४ तासांवर पाणी सोडणारी सही पुढे केली, तर कागद हाती नसताना ती करू नका.

वकील आत येत नाही. कर्मचाऱ्यांपैकीच एक प्रतिनिधी मागता येतो. इंग्रजी धड समजत नसेल तर तो नक्की मागा. आरोप समजत नाही असं दिसलं, तर वॉर्डनने, म्हणजे तुरुंगप्रमुखाने, प्रतिनिधी नेमायचा असतो. कामचलाऊ इंग्रजीवाल्यांची इथे फजिती होते. ‘डिड यू रिफ्यूज?’ याला ‘येस, बट…’ असं उत्तर दिलं की अहवालात ‘येस’ उतरतं आणि ‘बट’च्या पुढचं राहून जातं. ‘नो. आय वॉज विलिंग. आय कुड नॉट.’ ही तीन वाक्यं पाठ करून जा.

प्रश्न एकच असतो: दोन तासांत नमुना न दिल्याने जे गृहीत धरलं गेलं, ते तुम्ही खोडू शकता का? ते खोडण्याची मुभा नियमातच दिली आहे. बरेच जण ती वापरतच नाहीत. वजन कशाला मिळतं, उतरत्या क्रमाने:

- घटनेआधीची आरोग्य विभागाची नोंद आणि चालू औषधांची यादी
- त्याच दिवशीचा सिक कॉल अर्ज
- चित्रण, आणि पाणी व प्रयत्न पाहिलेल्या कर्मचाऱ्याचा जबाब
- स्वतः लिहिलेलं वेळापत्रक
- आधीच्या सगळ्या चाचण्या वेळेत दिल्याची नोंद

साक्षीदाराचं नुसतं नाव देऊ नका. तो काय सांगणार हे एका ओळीत लिहा. ‘चारित्र्य चांगलं आहे’ सांगणारा सोबती असंबद्ध म्हणून नाकारला जातो. ‘१०:२५ ला याने मेडिकलला कळवायला सांगितलं, मी ऐकलं’ हे सांगणारा सहसा नाकारता येत नाही. संकोच वाटला, समोर कोणी उभा होता, हा एकटा बचाव चालत नाही. समोर विरुद्ध लिंगाचा कर्मचारी उभा होता, हा मात्र नियमभंगाचा मुद्दा आहे.

पुरावा दोन्ही बाजूंनी असेल तर डीएचओने जड पारड्याकडे पाहायचं असतं.

## ६. दोषी ठरल्यास नेमकं काय जातं

मूळ शिक्षा वाढत नाही आणि नकार हा न्यायालयात चालणारा नवा खटला नव्हे. जाते ती सूट. आपल्याकडच्या तुरुंगात जिला ‘माफी’ म्हणतात तसला हा प्रकार. फेडरल कैद्याला चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेच्या वर्षामागे कमाल ५४ दिवस मिळतात. ज्यांचा गुन्हा २६ एप्रिल १९९६ किंवा त्यानंतरचा आहे, म्हणजे आज आत असलेले जवळजवळ सगळेच, त्यांचे या श्रेणीतल्या प्रत्येक कृत्यामागे किमान ४१ दिवस जातात. उरले १३. ५४ पेक्षा कमी दिवस उपलब्ध असतील तर त्यांचे ७५ टक्के. दोन वेगवेगळे नकार, तर ८२ दिवस. ही कपात स्थगित ठेवता येत नाही, त्यामुळे ‘पहिलीच चूक, या वेळी सोडा’ ही विनवणी इथे चालत नाही. तिच्याखेरीज:

- फर्स्ट स्टेप कायद्याखाली (तुरुंगातल्या कार्यक्रमांत भाग घेऊन) मिळवलेल्या सुटीच्या दिवसांपैकी ४१ पर्यंत
- शिस्तभंगाची एकांत कोठडी, १२ महिन्यांपर्यंत
- फोन, भेटी, कमिसरी (तुरुंगातलं दुकान) यांवर बंदी, दंड, कामावरून काढणं, बराक बदलणं
- व्यसनमुक्तीच्या निवासी कार्यक्रमात असेल तर तिथून हकालपट्टी. त्यासाठी या श्रेणीतला कोणताही गुन्हा पुरतो

शिवाय सुरक्षा-वर्गवारीचे गुण वाढतात आणि माणूस जास्त कडक तुरुंगात जाऊ शकतो.

भारतीय नागरिकांनी एक गोष्ट इथे नीट वाचावी. ज्याच्यावर हद्दपारीचा अंतिम आदेश आहे त्याला फर्स्ट स्टेपचे दिवस सुटकेसाठी वापरताच येत नाहीत, आणि इमिग्रेशनचा डिटेनर (सुटल्यावर आमच्या ताब्यात द्या, अशी त्या खात्याची सूचना) असलेल्याला व्यसनमुक्ती कार्यक्रमाची वर्षभरापर्यंतची सूटही नाही. अशा माणसाच्या हाती उरतात हेच ५४ दिवस. अमेरिकन सोबत्याला नकार अनेक सवलतींपैकी एकीपुरता नडतो; याची मात्र जवळजवळ एकुलती एक सवलत कापली जाते.

भारतीय वाणिज्य दूतावास पत्र लिहू शकतो, भेटू शकतो. सुनावणीत तो बाजू मांडत नाही.

## ७. अपील: तारखा चुकतात त्या इथे

डीएचओच्या निकालावर वॉर्डनकडे अपील नसतं. वॉर्डनकडे द्यायचा बीपी-९ फॉर्म भरून वीस दिवस उत्तराची वाट पाहत बसणं ही नेहमीची चूक. थेट बीपी-१०, प्रादेशिक संचालकांकडे.

1. बीपी-१०: लेखी निकाल हाती आल्यापासून २० दिवस, सुट्ट्या धरून. निकाल मिळाल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. अपील दाखल झालं असं धरतात ते तिकडे नोंद होते त्या दिवशी, म्हणून टपालाचे दिवस आधीच वजा करा. बाराव्या दिवशी तरी पेटीत पडलं पाहिजे.
2. फॉर्मवर जागा पुरली नाही तर एकच जोडपान चालतं. जोडपान आणि पुराव्यांच्या आणखी दोन प्रती लागतात. निकालाची प्रत जोडा.
3. उत्तर: ३० दिवसांत, आणखी ३० वाढवता येतात. मुदतीत उत्तर आलं नाही तर नकार समजून पुढे जायचं.
4. बीपी-११: जनरल काउन्सेलकडे (तुरुंग खात्याचा मुख्य कायदा अधिकारी), ३० दिवसांत. हे ३० दिवस प्रादेशिक संचालकांनी *सही केली* त्या तारखेपासून मोजतात, पत्र मिळालं तेव्हापासून नव्हे. या वेळी तीन जादा प्रती, शिवाय बीपी-१० आणि त्याचं उत्तर. इथलं उत्तर ४० दिवसांत, फार तर आणखी २०.

बीपी-१० मध्ये जो मुद्दा नाही तो बीपी-११ मध्ये घालता येत नाही. म्हणून पहिल्याच फॉर्मवर सगळे मुद्दे आणा, एकेक ओळीत: वैद्यकीय पुरावा विचारात घेतला नाही, अमुक साक्षीदार कारण न देता नाकारला, चित्रण मागूनही पाहिलं नाही, २४ तासांची सूचना नव्हती. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हा मुद्दा नव्हे.

घरच्यांसाठी: अपील लिहायला तुम्ही, वकील किंवा दुसरा कैदी मदत करू शकतो. दाखल मात्र कैद्यानेच करायचं. तुम्ही पुण्याहून पाठवलेलं अपील, कितीही चांगलं असलं तरी, अपील म्हणून धरलं जात नाही. मसुदा त्याला पाठवा, आणि पोचायला लागणारे दिवस वीसमधून आधीच वजा करा. बदलीच्या प्रवासात किंवा आजारपणात मुदत गेली असेल, तर कारण लिहून मुदतवाढ मागता येते.

## ८. न्यायालय

दोन्ही अपिलं झाल्यावर, ज्या जिल्ह्यात माणूस कोठडीत आहे तिथल्या फेडरल न्यायालयात हेबियस अर्ज (कोठडीला आव्हान देणारा अर्ज) करता येतो. तो २२४१ या कलमाखाली आणि शुल्क पाच डॉलर. मागायचं ते कापलेले दिवस परत देण्याचं किंवा नव्या सुनावणीचं. फक्त फोन किंवा कमिसरी बंद झाली असेल, तर हा रस्ता सहसा नाही.

न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. १९८५ च्या सुपरिंटेंडंट विरुद्ध हिल या निकालाप्रमाणे निर्णयामागे ‘काही तरी पुरावा’ असला की पुरतं, आणि अधिकाऱ्याने लिहिलेला शॉट एवढ्यापुरता पुरावा ठरू शकतो. ‘मी खरं बोलत होतो’ यावर अर्ज उभा केला तर तो बहुधा फेटाळला जातो. ‘साक्षीदार मागितला होता, लेखी मागणीची ही प्रत, निकालात नकाराचं कारण नाही’ यावर उभा केलेला अर्ज न्यायाधीश वाचतात. ती प्रत पहिल्या दिवशी ठेवलेली असेल, तरच ती इथे जोडता येते.